एका कुंडीची दोन घरे

दह्याचे विरजण सहसा कोणी दुकानातून आणत नाही. ते शेजारून येते. आपले फार आंबट झाले, नासले किंवा गावाला गेलो तेव्हा संपले, की वाटी घेऊन पलीकडच्या दारात जायचे; पलीकडचे संपले की तीच वाटी उलट्या दिशेने चालू लागते. एका घराला विरजण कायमचे टिकवता येत नाही, गल्लीला येते. कुंडीतल्या झाडांचा हिशेबही असाच आहे, हे या प्रकरणात मांडायचे आहे. कुंडी आपण एका घराची वस्तू समजतो. त्यामुळे आश्विन-कार्तिकात कुंड्या बदलण्याचे काम निघाले, की ज्याने त्याने ते आपापल्या गच्चीवर उरकावे असे धरून चालतो. पण झाडाची वाढ, मातीचा स्वभाव आणि गिरणाकाठच्या भडगावसारख्या गावाचे हवामान पाहिले, तर हे काम दोन घरांनी मिळून करायचे आहे असेच दिसते. शेजारधर्माचा गोडवा क्षणभर विसरून निव्वळ बागेच्या नफ्यातोट्याचा हिशेब मांडला, तरी उत्तर बदलत नाही.

सुरुवात मनीप्लँटपासून करू, कारण तो नसलेली गल्ली सापडणे कठीण. त्याचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम आणि मूळ ठिकाण प्रशांत महासागरातले मोरेआ बेट. हा वेल फुलत नाही म्हटले तरी चालेल. लागवडीतल्या मनीप्लँटला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे, आणि त्याचे कारण २०१६ मध्ये पुढे आले: फुलोरा यायला जिबरेलिन हे संप्रेरक लागते, ते तयार करणाऱ्या साखळीतले एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून जगातला प्रत्येक मनीप्लँट ही कोणाच्या तरी वेलीची तोडलेली फांदी आहे. मनीप्लँट चोरून आणला तरच पैसा येतो, असा एक समज आपल्याकडे आहे. फांदी धरते ती पेरापाशी असलेल्या हवाई मुळामुळे. चोरीचा त्यात काही वाटा नाही. उलट घाईघाईत ओरबाडलेल्या फांदीपेक्षा मागून घेतलेली, पेरासकट नीट कापून मिळालेली फांदी जगण्याची शक्यता जास्त.

दुसरा पुरावा दूरचा आहे, पण सोडवत नाही. पायलिया पेपेरोमिऑइडिस नावाचे एक छोटे झाड, नाण्यासारख्या गोल पानांचे, मूळचे चीनच्या युन्नान प्रांतातले. आग्नर एस्पेग्रेन नावाच्या नॉर्वेजियन मिशनऱ्याने १९४६ साली ते भारतमार्गे आपल्या देशात नेले. त्या झाडाला बुंध्याशी पिल्ले येतात. ती त्याने ओळखीच्यांना दिली, त्यांनी पुढे दिली, आणि होता होता नॉर्वे-स्वीडनमधल्या खिडक्याखिडक्यांत हे झाड दिसू लागले. तिथून ते ब्रिटनमध्ये पोचले आणि लोक पाने पाठवून लंडनच्या क्यू उद्यानाला विचारू लागले, की हे आहे तरी काय? वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याचे नाव माहीत होते, ते १९१२ सालीच ठेवलेले होते. पण हे झाड युरोपातल्या घरांत वाढते आहे याचा पत्ता त्यांना बराच काळ नव्हता. रोपवाटिका नाही, व्यापारी नाही, जाहिरात नाही. एक अख्खी प्रजाती एका खंडभर पसरली ती शेजाऱ्यांच्या हातून. आपल्याकडचे ‘ब्रह्मकमळ’ तरी वेगळे कुठे आले? हिमालयातले खरे ब्रह्मकमळ ते नव्हेच; हा मेक्सिकोकडचा एक निवडुंग आहे. त्याचे एक पान मातीत खोचले की रोप होते, आणि रात्री फूल उमलले की जिने पान दिले तिलाच आधी बोलावणे जाते.

देवाणघेवाण आणि कुंडी बदलणे ही दोन कामे वेगळी का धरू नयेत, ते कुंडीच्या आत काय चालते ते पाहिल्यावर कळते. जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये कुंडीच्या आकाराबद्दलचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले, तर झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्यांनी रुग्णालयातल्या एमआरआयसारख्या यंत्रातून कुंडीतली मुळेही पाहिली. मुळे मधल्या मातीत रमत नाहीत. थेट भिंतीकडे धावतात आणि तिथेच गर्दी करतात. म्हणजे पाने पिवळी पडून झाड आपल्याला सांगते त्याच्या पुष्कळ आधीच त्याला भिंत लागलेली असते. दुप्पट म्हणजे फार मोठी कुंडी, असा समज होईल, पण गणित सोपे आहे. आठ इंची कुंडीतले झाड त्याच घाटाच्या दहा इंचीत लावले, की डोळ्यांना फरक दिसतो दोन बोटांचा आणि माती मावते जवळजवळ दुप्पट. मात्र हा खेळ अखंड चालू ठेवता येत नाही. आठाची दहा, दहाची बारा, बाराची चौदा असे करत गेले, तर गच्चीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. मग उरतो दुसरा मार्ग: झाड काढायचे, त्याचे भाग करायचे, एक भाग त्याच कुंडीत परत लावायचा. बाकीचे भाग जाणार कुठे? नेमक्या याच प्रश्नावर शेजारी या माणसाची बागकामात गरज पडते.

कोरफडीची बारा इंची कुंडी घ्या. तीन वर्षे हात न लागलेली असेल, तर मातीच्या वर नुसती पाने आणि खाली सात-आठ पिल्ले एकमेकांना रेटत बसलेली. आदल्या दिवशी पाणी तोडलेले असावे. एकाने कुंडी आडवी धरायची, दुसऱ्याने काठावर लाकडी मुठीने ठोकायचे आणि बुंधा हाताने सांभाळायचा. एकट्या माणसाने हे केले की कुंडी तरी फुटते नाहीतर पाने तरी मोडतात. गोळा बाहेर आला की कुंडीचा आकार मुळांनी जसाच्या तसा उचललेला दिसतो, टोपलीच्या विणीसारखा. बाहेरची ती वीण बोटांनी सोडवायची, काळी मऊ पडलेली मुळे कापायची, मुळासकट पिल्ले अलग करायची आणि कापलेल्या जागा सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत ठेवायची. गवती चहाच्या ठोंबाला खुरपे पुरत नाही, विळाच लागतो. कर्दळ, निशिगंध, अळू, पुदिना, स्नेक प्लँट या सगळ्यांची रीत थोड्या फरकाने अशीच. एका कुंडीतून चार-पाच रोपे निघतात. ती कोपऱ्यात टाकली तर आठवड्यात वाळतात, शेजारी दिली तर पुढच्या वर्षी त्यांची वीस होतात. फुकट वाटण्याची नड झाडालाच आहे. माणसाचा मोठेपणा त्यात फारसा नाही.

आता माती. काळी माती शेतात सोने, कुंडीत संकट. खानदेशातली ही माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात या भेगांमधून निदान पावसाचे पहिले पाणी खोल तरी जाते. कुंडीत तेच उलटे होते. मे महिन्यात नुसत्या काळ्या मातीने भरलेली एखादी कुंडी जवळून पाहावी. माती काठापासून बोटभर सुटलेली असते. वरून तांब्याभर पाणी ओतले की ते त्या फटीतून सरळ खाली उतरते, तळाच्या भोकातून गच्चीवर येते आणि ओतणाऱ्याला वाटते, झाड पोटभर प्याले. मधला मुळांचा गोळा मात्र कोरडाठाक. पावसाळ्यात याच कुंडीत चिखल साचून मुळे कुजतात. यावर उपाय म्हणून तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरायची पद्धत घरोघरी आहे, आणि ती चुकीची आहे. पाणी बारीक कणांच्या थरातून जाड खड्यांच्या थरात सहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजल्याशिवाय थेंब खाली सुटत नाही. त्यामुळे खडीचा थर जेवढा जाड, तेवढा चिखल मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर माती अडवायला एक खापरी ठेवावी, बस्स.

सुधारायची ती सगळी माती. एक भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भुईमुगाच्या टरफलांचा भुगा, वर मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. (वाळू घालायचा मोह टाळावा. गिरणेच्या वाळूवर आधीच पुष्कळांचा डोळा आहे, आणि कुंडीला तिच्यावाचून काही अडत नाही.) मात्र हा सगळा माल एका घराच्या मापाने मिळत नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते. दहा इंची कुंडीत माती मावते नऊ-दहा लिटर, त्यात कोकोपीट तिसरा हिस्सा. म्हणजे एका घराच्या सहा कुंड्यांना वीस लिटरही पुरे. उरलेले पोत्यात बांधून जिन्याखाली जाते आणि पुढच्या वर्षी त्यात मुंग्या निघतात. शेणखताच्या पोत्याची तीच गत. दोन-तीन घरांनी एकच ढीग एका अंगणात कालवला, तर खर्च वाटला जातो, वाया काही जात नाही आणि मिश्रणही नीट होते, कारण मोठा ढीग फावड्याने उलटापालटा करता येतो.

काम आश्विन-कार्तिकातच का, हा वादाचा मुद्दा आहे. इंग्रजी वळणाची बागकामाची पुस्तके कुंडी वसंतात बदलायला सांगतात. तिथे ते बरोबरच आहे. हिवाळा संपून झाड जागे होते आणि पुढे सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र. मुळे तोडून महिना होतो न होतो तोच जळगाव जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो, पुढे पंचेचाळिशीलाही टेकतो. नवीन मुळे धरण्याआधीच झाडाला सगळ्यात कठीण परीक्षेला बसवण्यासारखे हे झाले. उलट पाऊस ओसरल्यावर काय असते? चार महिन्यांच्या पाण्याने कुंडीतले नत्र धुऊन गेलेले असते आणि माती दबून बसलेली, म्हणजे तिला बदल हवाच असतो. जमीन अजून उबदार असते, त्यामुळे तुटलेली मुळे लवकर फुटतात. आणि पुढे कडक उन्हाळ्याआधी चार महिने मिळतात. ऑक्टोबरचे ऊन पोळते, हा आक्षेप खरा आहे, दुपारी पस्तीस अंश काही थोडे नव्हेत. म्हणून काम संध्याकाळी करावे आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. कोजागरी ते तुळशीचे लग्न हे साधारण चार आठवडे त्यातल्या त्यात उत्तम. सगळ्यांना एकच माप मात्र लावू नये. गुलाबाची छाटणी याच दिवसांत होते. शेवंती कळ्यांवर असते, तिला फुले सरेपर्यंत हात लावायचा नाही. अडेनियम थंडीत झोपते, त्याची कुंडी माघ-फाल्गुनातच बदलावी. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या खाली जातात हे ध्यानात ठेवले, तर कार्तिकानंतर उशीर का नको तेही समजते. शिवाय हे दिवस माणसांच्या दृष्टीनेही सोयीचे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात गुलाबाई बसते, मुली गाणी म्हणत घरोघर जातात, खिरापत ओळखतात. दारे एरवीपेक्षा जास्त उघडी असतात.

वाटणीचा सर्वांत मोठा फायदा मात्र हिशेबात सहसा धरला जात नाही, तो म्हणजे विमा. समजा, एका उन्हाळ्यात एखादे झाड दगावण्याची शक्यता तीनात एक आहे. तेच झाड दोन घरांत असेल, तर दोन्हीकडे एकदम जाण्याची शक्यता नऊत एक. तीन घरांत असेल तर सत्तावीसात एक. कोणी म्हणेल, ऊन तर सगळ्या गावाला सारखेच, मग गणित खोटे पडणार. काही अंशी पडतेच. पण एकाची गच्ची पश्चिमेला तोंड करून असते, दुसऱ्याच्या अंगणात निंबाची सावली. एकजण पाणी जास्त घालतो, दुसरा विसरतो. झाड मरण्याची कारणे घरागणिक वेगळी, आणि विमा उभा राहतो तो या वेगळेपणावर. गिरणा धरणाच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसायचे दिवस येतात, तेव्हा सावलीतली एक कुंडी जगवणे परवडते. उन्हातल्या दहा नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप. तो परका नाही, खानदेशाच्या केळीच्या बागेतूनच येतो. लागवडीच्या केळीला बी नसते. पिढ्यान्‌पिढ्या ती मुनव्यांवर चालली, आणि मुनवे एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेले. भडगाव तालुक्यातल्या काजगावचे नाव एकेकाळी केळीसाठी घेतले जाई, तेही याच रीतीवर. पण मुनव्याबरोबर रोगही आला. पर्णगुच्छाचा विषाणू मुनव्यातून जातो. रावेर-यावलकडे ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक विषाणूही मुनव्यातून आणि माव्यातून पसरतो. १९९०च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची उतिसंवर्धित रोपे आणली आणि पाहता पाहता शेतकरी शेजारच्या मुनव्यावरून प्रयोगशाळेतल्या रोपावर गेला. त्याचे उत्पन्न वाढले. मग केळीवाल्याने जे सोडले ते कुंडीवाल्याने का धरावे? दुसरे उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे. ही परदेशी कीड भारतात २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा सापडली, २०१०पर्यंत पुण्याला पोचली, आणि जास्वंदीसारख्या अंगणातल्या झाडांवरही तिने बस्तान मांडले. शेवटी तिला आवरायला प्वेर्तो रिकोहून एक सूक्ष्म गांधीलमाशी आणावी लागली. कापसासारखा पांढरा ठिपका असलेली फांदी प्रेमाने दिली-घेतली, की कीड फुकटात प्रवास करते.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याने सिद्ध काय होते ते नीट पाहावे. हजारो झाडांची बाग एकाच वेळी, एकाच वजनाच्या घडांनी यायला हवी असेल, तर एकसारखी निरोगी रोपे लागतात आणि त्यांचा खर्च पिकातून निघतो. गच्चीवरच्या पंधरा कुंड्यांत पंधरा तऱ्हेची झाडे असतात. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागेलच असे नाही, आणि प्रत्येक पान रोज डोळ्यांखालून जाते. शिवाय विकतचे रोपही काही सोवळ्यात वाढलेले नसते. ते दूरच्या, दमट हवेत, जाळीच्या सावलीत आणि खताच्या मात्रेवर मोठे झालेले असते. शेजारच्या कुंडीतल्या झाडाने भडगावचे दोन-तीन उन्हाळे आणि इथले क्षारयुक्त पाणी पचवलेले असते. ही परीक्षा पास झाल्याचा दाखला कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. तेव्हा केळीवाल्याकडून घ्यायची ती त्याची सावधगिरी. रोप द्यावे, माती देऊ नये; मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मातीतून जातात. मुळे धुऊन पाहावीत, गाठी दिसल्या तर रोप टाकून द्यावे. पानांची मागची बाजू आणि बेचके तपासावे. नवीन झाड पंधरा-वीस दिवस बाकीच्यांपासून दूर ठेवावे. आणि जवळपास लिंबू-मोसंबीची बाग असेल, तर कुंती आणि कढीपत्ता जपून द्यावा-घ्यावा. दोन्ही लिंबाच्याच कुळातली, आणि सिट्रस सायला ही कीड त्यांच्यावरही राहते.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. २००१च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे यांची मुभा दिली आहे. ब्रँडच्या नावाने ते विकायचे नाही, एवढीच अट. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरताचे वांगे अशा राखलेल्या बियाण्यातूनच आपल्यापर्यंत आले. कोरफडीच्या पिल्लासाठी कोणी नोटीस धाडणार नाही.

आणि ज्यांना ही सगळी नवी टूम वाटते, त्यांनी तुळशीकडे पाहावे. कुंडीतली तुळस मंजिऱ्या धरून-धरून दीड-दोन वर्षांत लाकूड होते. तिला दरसाल नवे करावे लागते. त्यासाठी आपल्याकडे तिथी ठरलेली आहे, कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. वृंदावनाला रंग काढतात, जुनी माती उकरून नवी भरतात, खालच्या फटीत उगवलेले जोमदार रोप वर लावतात, आणि लग्नाला आजूबाजूची घरे बोलावतात. ज्या घरी तुळस गेली, तिथे रोप जाते ते शेजारच्या वृंदावनातूनच. कुंडी बदलण्याचे काम, त्याचा मोसम आणि त्याचे सोबती, सगळे एका चालीत बसवलेले आहे. फक्त ते एका झाडापुरते राहिले. यंदा कोजागरीनंतर कुंडी उपडी करायला घ्याल, तेव्हा आधी पलीकडे हाक मारा, आणि येताना एक रिकामी कुंडी घेऊन या म्हणावे.